पानी आणि उघाड

पुण्यात आभाळ भरून यायला लागलं की माझा फोन वाजायला लागतो. आमच्याकडे, म्हणजे शहादा-नंदुरबारच्या पट्ट्यात, जून उजाडल्यावर कोणी कोणाला 'कसा आहेस' असं विचारत नाही. तब्येत, नोकरी, पोरंबाळं हे सगळं मागाहून. आधी विचारायचं ते 'पानी शे का तठे?' तुझ्याकडे पाऊस आहे का? आमच्या अहिराणीत पाऊस आणि पाणी असे दोन शब्द नाहीत. वरून पडतं तेही पानी आणि हंड्यात असतं तेही पानी. 'पाऊस' हा शब्द आम्हाला शाळेच्या पुस्तकात भेटला, निबंधापुरता आम्ही तो वापरला आणि शाळा सुटताना तिथेच ठेवून आलो.

काल नाशिकहून आतेभाऊ चेतनने विचारलं, आज सकाळी मावशीने. दोघांनाही 'शे' म्हणून सांगितलं आणि सवयीने टेबलाखालच्या जुन्या संगणकाकडे पाहिलं. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्या डब्यात एक अख्खं गाव आहे. डोंगर आहेत, वाळवंट आहे, गव्हाचं एक वावर आहे. तिथे पाऊस कधी पडावा आणि कधी थांबावा हे मी लिहिलेली एक छोटीशी स्क्रिप्ट ठरवते. आमच्या गावी, ब्राह्मणपुरीत, पावसाने अगदी अंत पाहिला त्या मोसमात मी ती लिहिली होती. आता तिकडे फारसं कोणी फिरकत नाही, तरी तो संगणक बंद करायला माझा हात धजत नाही.

पोटासाठी मी एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. एकच काम दुसऱ्यांदा हाताने करावं लागलं की माझ्या कपाळावर आठी पडते. ते यंत्राच्या गळ्यात कसं घालता येईल, हाच विचार डोक्यात सुरू होतो. आई म्हणते, "तुन्हं चालनं तं भाकरी बी मशीनलेच थापाले लावशी." लावलीही असती. पण कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापणारं मशीन अजून निघायचं आहे.

त्या वर्षी उन्हाळ्यात बापूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बापू म्हणजे माझे वडील. उभ्या आयुष्यात जूनमध्ये घरात बसलेला हा माणूस मी पाहिलेला नाही. पेरणीच्या दिवसांत ते घरी जेवायलाही पाहुण्यासारखे येत. आता पुढच्या खोलीत, खिडकीशी खाट टाकून, पाय उशीवर ठेवून बसायचं. खिडकीतून उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसते. दिवसभर त्यांचे डोळे तिथेच. वावरात आई जायची आणि दुपारी येऊन काय पाहिलं ते सांगायची. विहिरीच्या पाण्यावर कापूस लावून झाला होता, पण ज्वारी, मूग, उडीद सगळं पावसाच्या वाटेकडे डोळे लावून होतं. मी ऑफिसात सांगून घरून काम मागून घेतलं आणि दिवाळीपर्यंत राहायच्या तयारीने गावी आले.

खरं तर मी गुडघ्यासाठी आले नव्हते. मी आले होते ते अबोल्यासाठी.

माझा धाकटा भाऊ गिरीश सुरतला असतो. कापडाच्या कारखान्यात मोठमोठी यंत्रं बघतो. ऑपरेशन ठरलं तेव्हा त्याने फोनवर, अगदी भल्यासाठी, सुचवलं की यंदा जमीन कोणाला तरी बटाईने कसायला देऊ, बापूंनी आता आराम करावा. बापूंनी ऐकलं ते एवढंच की आता तुमचं काम संपलं.

"तू सुरतमा बसीसन मन्हं वावर वाटी ऱ्हायना का?" ते म्हणाले. "मन्हा गुडघा गया, हात नही गयात."

गिरीशही काही कमी नाही. तो म्हणाला, मग तुमचं तुम्ही बघा. बापूंनी फोन ठेवला आणि त्यानंतर त्या दोघांत चकार शब्द नाही. ऑपरेशनच्या वेळी गिरीश येऊन राहिला, रात्रंदिवस दवाखान्यात बसला, डॉक्टरांशी बोलला, नर्सशी बोलला. बापूंशी नाही. बापूही छताशी बोलल्यासारखे "पानी दे" म्हणायचे आणि तो पेला पुढे करायचा.

आमच्या गावात असे अबोले मी पाहिले आहेत, की ज्यांचं कारण दोन्ही बाजू विसरून गेल्या पण बोलणं काही सुरू झालं नाही. बापूंनी सत्तरी ओलांडलेली. गिरीश त्यांच्याच वळणावर गेलेला, तसाच नाकासमोर चालणारा आणि तसाच अडून बसणारा. हे असंच घट्ट होत गेलं तर, ह्या विचाराने मला खरोखरच भीती वाटायची.

पण अबोल्यालाही आमच्याकडे एक फट असते. पावसाची चौकशी बोलण्यात धरत नाहीत. भाऊबंदकीत डोकी फुटलेली माणसंही बांधावर समोरासमोर आली, तर तोंड फिरवून का होईना, 'तुमनाकडे कितला पडना?' एवढं विचारतात. त्याने अबोला मोडत नाही. आई संध्याकाळी गिरीशला फोन लावायची, स्पीकर सुरू करायची, आणि खाटेवरून बापू म्हणायचे, "त्याले इचार, पानी शे का तठे?"

आई विचारायची. तिकडून गिरीशचा आवाज अख्ख्या खोलीत घुमायचा, "शे ना, कालपासून उतार नही."

बापू खिडकीबाहेर बघत बसायचे. मग आई फोनवर हात ठेवून म्हणायची, "शे म्हने. कालपासून उतार नही म्हने." तेव्हा कुठे बापू मान हलवायचे. मला हसूही यायचं आणि रडूही.

त्या वर्षीचा पाऊस विचित्रच होता. सुरतेला धो धो. तिकडून निघाला की नवापूरपर्यंत यायचा, तिथली भातं न्हाऊ घालायचा आणि आमच्याकडे नुसती सावली पाठवायचा. आभाळ काळं व्हायचं, वारा सुटायचा, आई दोरीवरचे कपडे काढायची आणि टिपूस न पडता ऊन यायचं. दोरीवर कपडे परत. मृग कोरडं गेलं, आर्द्रा लागली. बापूंनी पंचांगात नक्षत्राचं वाहन बघितलं तर कोल्हा निघाला. "कोल्हा काय देवावं शे!" म्हणून त्यांनी पंचांग मिटून टाकलं.

आता त्या खेळाबद्दल. लॉकडाऊनमध्ये आम्ही भावंडांनी मिळून एक सर्व्हर सुरू केला होता. चौकोनी ठोकळ्यांचं जग असतं. माती खणायची, लाकूड तोडायचं, घरं बांधायची, पेरायचं, कापायचं. सगळे आपापल्या शहरातून तिथे यायचे आणि खेळण्यापेक्षा गप्पाच जास्त मारायचे. पडद्याच्या कोपऱ्यात टाइप केलेल्या ओळी वर सरकत राहायच्या. चेतन तळ्याकाठी मासे धरायचा. मावसबहीण वैशू एक मोठा बंगला बांधत होती, तो कधी पुरा झाला नाही. गिरीशने मुद्दाम सगळ्यांपासून लांब वाळवंटात जागा घेतली होती. प्रत्येकाच्या बाहुल्याच्या डोक्यावर त्याचं नाव तरंगतं. गिरीशने आमच्या लहानपणच्या कुत्र्याचं नाव घेतलं होतं, मोत्या.

हवामानाचा हुकूम एकट्या माझ्या हातात होता. एक ओळ टाइप केली की पाऊस, दुसरी केली की ऊन, तिसरी केली की विजा. इंद्रपद म्हणतात ते हेच असेल तर कोणी फुकट दिलं तरी घेऊ नये. चेतनला पाऊस हवा, कारण त्या खेळात पावसात मासे लवकर गळाला लागतात. वैशूला ऊन हवं, कारण पावसात तिला छत नीट दिसत नाही. मी इकडे कंपनीच्या मीटिंगमध्ये असायचे आणि फोनवर ह्यांची रडगाणी, 'ताई, पाऊस कर', 'ताई, बंद कर'. शेवटी वैतागून एका रविवारी बापूंच्या खाटेशेजारी बसून ती स्क्रिप्ट लिहिली.

गोष्ट साधी होती. सर्व्हरवर कोण काय बोलतं त्याची ओळ न् ओळ पडद्यामागे उमटत असते. माझी स्क्रिप्ट त्या ओळींवर कान लावून बसायची. ठरलेला शब्द ऐकला की हवामानाचा हुकूम सोडायची. ज्याला जे हवं त्याने ते म्हणावं, मला विचारू नये. सुरुवातीला मी शब्द ठेवले 'पाऊस' आणि 'ऊन'. चांगले शाळेतले शब्द. ते कोणाच्या लक्षातच राहीनात. चेतन आपला 'पानी पाड, पानी पाड' करत बसला आणि आभाळ स्वच्छ. मग मी मुकाट्याने ते बदलून 'पानी' आणि 'उघाड' केले. पावसाची झड लागते आणि मध्येच दोनचार दिवस आभाळ मोकळं होतं, ती उघाड. निंदणी, फवारणी, वाळवण, पाहुण्यांकडे जाणं, सगळं आमच्याकडे उघाड पडली की. कोणी पाणी लिहितं, कोणी पानी, कोणी इंग्रजी अक्षरांत. मी सगळी रूपं घातली आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायले.

चहा संपायच्या आत घोटाळा झाला. चेतन सर्व्हरवर आला आणि आपल्या रिवाजाप्रमाणे त्याने सगळ्यांना विचारलं, 'पानी शे का तठे?' लगेच पाऊस सुरू. वैशूने उत्तर दिलं, 'आठे पानी नही.' आणखी पाऊस. गिरीश म्हणाला, 'सुरतमा पानीच पानी.' स्क्रिप्ट बिचारी प्रत्येक वेळी इमानाने हुकूम सोडत होती. कोणीतरी चिडून लिहिलं, 'कसली उघाड नि कसलं काय', तर लख्ख ऊन पडलं. दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसांनी ही स्क्रिप्ट वापरली असती तर ती सुरळीत चालली असती. पण जूनमध्ये खानदेशी माणूस तोंड उघडणार आणि त्यातून पानी निघणार नाही, हे कसं शक्य आहे? नोकरीत मोठमोठ्या चुका पकडणाऱ्या मला माझ्याच घरचा रामराम लक्षात राहिला नव्हता.

बाहेर धूळ उडत होती आणि माझ्या पडद्यावर मुसळधार. त्याचा आवाज ऐकून बापूंनी खिडकीवरून मान वळवली.

"कोठे पडी ऱ्हायना हाऊ?"

"खेळमा, बापू."

"कोन पाडी ऱ्हायनं?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. विचारलं की पडतो, हे ऐकून ते कितीतरी दिवसांनी हसले. "इचारं का पडस! असं पाह्यजे राज्य."

त्या दिवसापासून त्यांची खाट खिडकीकडे अर्धी आणि माझ्या लॅपटॉपकडे अर्धी झाली. मी ऑफिसचं काम संपवून सर्व्हर उघडला की ते चष्मा लावून सरसावून बसत. एकदा मी त्यांना वाळवंटातली गिरीशची जागा दाखवली. त्या खेळात एक गंमत आहे, वाळवंटात पाऊस पडत नाही, नुसतं आभाळ काळवंडतं. बापू बघत राहिले. "हाई तं आपलंच शे," म्हणाले. मग त्यांची नजर वाळूत खणत असलेल्या बाहुल्यावर आणि त्याच्या डोक्यावरच्या नावावर गेली. त्यांनी ते नाव हळू वाचलं. आमच्या घरात मोत्याच्या मागे उन्हातान्हात कोण हिंडायचं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. ते पुन्हा खिडकीकडे वळले. दुसऱ्या दिवशी मात्र सर्व्हर उघडल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज मोत्या दिसना नही?"

कुत्र्याची चौकशी. तीही बोलण्यात धरत नसावीत.

मी हिरवळीवर एक चौकोन नांगरून गहू पेरला, तेव्हा बापूंनी कपाळाला हात लावला. "आखाडमा गहू?" मी म्हटलं, इथे महिने नसतात. ते म्हणाले, महिने नसले तरी बांध पाहिजे. मी बांध घातला. पाटाचं वळण चुकलं म्हणून मोडून परत घातला. एकदा पाऊस थांबल्या थांबल्या मी बी टाकायला लागले तर ते खाटेवरून जवळजवळ उठलेच. "आरे, वापसा तं येवू दे!" जमीन ना चिखल ना कोरडी, पाऊल टाकलं तर रुतत नाही आणि मूठभर माती दाबली तर ढेकूळ होतं, तो वापसा. पाऊस बंद म्हणजे लगेच पेरणी हा प्रकार त्यांना बघवेना. तेव्हा स्क्रिप्टमध्ये मी एक भर घातली. पाऊस थांबला की सगळ्यांच्या पडद्यावर ओळ येऊ लागली, 'वापसा नाही, थांबा', आणि थोड्या वेळाने, 'वापसा झाला.' खेळाच्या जमिनीला त्याने काडीचा फरक पडत नव्हता. चेतन आणि वैशू पोट धरून हसले.

गिरीश हसला नाही. त्याने मला वेगळा मेसेज पाठवला, "वापसा तुला कोणी सांगितला?"

"कोणी नाही," मी लिहिलं.

 पण त्यानंतर मी पाहिलं, मोत्या आपल्या वाळूच्या कडेला असलेल्या तुकड्यात, 'वापसा झाला' दिसल्याशिवाय कुदळ उचलत नसे. बापूंनीही पाहिलं. "शे अक्कल," एवढंच म्हणाले.

इकडे खऱ्या आभाळाने काही तोंड उघडलं नाही आणि खेळातला पाऊस काही थांबेना. वैशूने शेवटी धमकीच दिली की एक तर पाऊस राहील नाहीतर ती. मग मी स्क्रिप्ट सुधारली. असल्या गोष्टींत शब्दाच्या आधी एखादी खूण लावायची पद्धत असते, म्हणजे बोलणं वेगळं आणि हुकूम वेगळा. मी टिंब ठेवलं. टिंब देऊन 'पानी' लिहिलं तर पाऊस पडेल. नुसतं लिहिलं तर काही होणार नाही, मनसोक्त गप्पा मारा.

बापूंना हे आवडलं नाही. "आते इचारं तं पडाव नही?"

"नही. टिंब देवावं पडी."

त्यांनी हवेत बोटाने एक टिंब काढलं. मग म्हणाले, "म्हंजे बिनटिंबनं ते इचारनं, नि टिंबनं ते मांगनं." मी आजवर कितीतरी जणांना ही गोष्ट शिकवली आहे, इतक्या थोडक्यात मला ती कधी सांगता आली नव्हती. मी हो म्हटलं.

आणि मग ती दुपार. टीव्हीवर सकाळपासून सुरतचं पाणी दाखवत होते. रस्त्यांवर पाणी, दुकानांत पाणी, माणसं कमरेपर्यंत पाण्यात चाललेली. आई जेवून वावरात गेली होती आणि तिचा फोन तिच्यासोबत. म्हणजे 'त्याले इचार' म्हणायला बापूंना घरात कोणी नव्हतं. मी होते, पण माझ्यामार्फत विचारायचा रिवाज पडला नव्हता. त्यांनी टीव्ही बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. मी म्हटलं, "लावी देऊ का फोन गिरीशले?"

"नको."

मी सर्व्हर उघडला. चेतन नव्हता, वैशू नव्हती. लांब वाळवंटाच्या टोकाला मोत्या एकटा उभा होता. कारखान्याला सुट्टी दिली असणार. खेळातल्या आमच्या वावरात गहू पिकून पिवळाजर्द झाला होता, बापू कालपासून कापणीची घाई करत होते. पण आज त्यांचं तिकडे लक्षच गेलं नाही.

"दे आठे," ते म्हणाले.

मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पडद्यावर मराठी अक्षरांची पाटी उघडून दिली. एकेक अक्षर शोधत, बोट दाबलं की दचकत, त्यांनी लिहिलं, 'पानी शे का तठे'. पुढे टिंब नाही. लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी ओळ पाठवली.

नाव माझं, बाहुला माझा. पण मी जन्मात कधी मराठी अक्षरांत टाइप करत नाही, मला कंटाळा येतो, हे गिरीशला पक्कं ठाऊक होतं. पडद्यावर मोत्या जागच्या जागी थांबला.  बापू चष्मा पुसत बसले. मग ओळ उमटली.

'शे. रस्तावर बी शे. घरमा नही, वरला मजला शे आम्हना. तुमनाकडे?'

तुमनाकडे. मला तो आयुष्यात कधी 'तुम्ही' म्हणाला नाही. माझ्यासाठी असतं तर 'तुन्हाकडे' असतं. मी बापूंकडे बघायचं टाळलं, कारण माझेच डोळे भरून आले होते.

बापूंनी पुन्हा अक्षरं शोधली. 'नही.'

तेवढंच. खिडकीबाहेर आभाळ भरलेलं आणि कोरडं. सातपुडा अर्धा ढगात. त्या एका 'नही'मध्ये त्यांचा सगळा जून होता, उशीवरचा पाय होता, न पेरलेली ज्वारी होती. गिरीशला ते कळलं असावं. कारण पुढची ओळ आली ती टिंबाने सुरू झालेली.

'.पानी'

स्क्रिप्टने हुकूम सोडला. आमच्या पडद्यावर आभाळ गडद झालं आणि बापूंच्या बांधावर, पाटावर, सगळ्या वावरावर पाऊस पडायला लागला. खाली गिरीशने लिहिलं, 'आते शे.'

बापूंनी ते वाचलं. ओठ हलवत वाचलं, मग पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील, हळवं. तेवढ्यात त्यांची नजर गव्हावर गेली.

"आरे! आरे, फोन दे! लाव त्याले!"

मी माझ्या फोनवरून गिरीशला लावला. बापूंनी तो माझ्या हातातून ओढूनच घेतला. तिकडून 'हॅलो' यायच्या आत सुरू झाले. "आरे गाढव! गहू कापनीले ऊना शे, आते पानी कोन पाडस? झोपी जाई ना सगळा! दाना काया पडी! इतलं बी ध्यानमा ऱ्हास नही का तुले?"

खेळात पिकल्या गव्हाला पावसाने काहीही होत नाही. तो आडवा होत नाही, काळा पडत नाही, महिनाभर पाऊस पडला तरी तसाच उभा राहतो. हे मला माहीत होतं. लॉकडाऊनपासून खेळणाऱ्या गिरीशलाही पक्कं माहीत होतं.

फोनमधून त्याचा आवाज आला. "चुकनं, बापू. खरंच चुकनं."

"मंग बंद कर!"

"कसं करू?"

हेही त्याला माहीत होतं. बापूंनी फोनवर हात न ठेवता माझ्याकडे पाहिलं, मी सांगायच्या आत त्यांनाच आठवलं आणि एकेक शब्द सुटा करत, लहान पोराला शिकवावं तसं, ते म्हणाले, "पहिले टिंब दे. दीनं? आते लिख, उघाड."

मी लॅपटॉपकडे बघत होते. तिकडे पाणी भरलेल्या शहरात, वरच्या मजल्यावर बसून माझा हट्टी भाऊ बापूंच्या सांगण्याप्रमाणे आधी टिंब देत होता. पाऊस थांबला. गव्हावर ऊन आलं. 'वापसा नाही, थांबा' अशी ओळ सरकून गेली.

"व्हयनं?" गिरीशने विचारलं.

"व्हयनं." बापू खाटेवर मागे टेकले. फोन त्यांनी ठेवला नाही. कानाशीच धरून राहिले. दोघंही काही बोलत नव्हते, पण ती शांतता वेगळी होती, पायताण काढून ओसरीवर टेकल्यासारखी. मग बापूंनी घसा साफ केला.

"कव्हय येशी?"

"आठे पानी भलतं शे, बापू. गाड्या बंद शेतस. उघाड पडनी म्हंजे येसू."

बापूंनी पडद्याकडे पाहिलं. चष्मा नाकावर घेऊन, नीट, आभाळापासून बांधापर्यंत.

"पडनी ना," ते म्हणाले. "आतेच तं पडनी."

गिरीश त्या आठवड्याच्या शेवटी आला. सुरतेत पाऊस तेव्हाही थांबलेला नव्हता.